वसंतातली शेंग आणि रक्तातले विकर

इटलीच्या मध्यभागी आब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या तेरामो या शहरात आणि आसपासच्या गावांत दरवर्षी १ मे रोजी घरोघर एक दाट सार शिजते. त्याचे नाव 'ले विर्तू', म्हणजे 'सद्गुण'. या साराची कृती मोठी गमतीची आहे. हिवाळाभर वापरून डब्यांच्या तळाशी उरलेली वाळलेली कडधान्ये, म्हणजे हरभरे, मसूर, घेवड्याचे दाणे आणि सुका फावा, ही सगळी त्यात पडतात. पास्त्याचे निरनिराळ्या आकारांचे उरलेसुरले तुकडे पडतात. खारवून ठेवलेल्या डुकराच्या मांसाचे शेवटचे भाग पडतात. आणि त्यांच्याबरोबर शेतात नुकतेच आलेले कोवळे मटार, फाव्याचे ओले दाणे, कोवळ्या पालेभाज्या आणि सुवासिक पानेही पडतात. मोठ्या हंड्यात हे सगळे शिजवून शेजारीपाजारी वाटण्याची पद्धत आहे.

जुने संपवायचे आणि नव्याचे स्वागत करायचे, असा या साराचा अर्थ आज सांगितला जातो. तो खरा आहेच. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आपल्याकडे रब्बीचे पीक फाल्गुन-चैत्रात हाती येते, त्यामुळे वसंत म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भरलेले खळे येते. इटलीत गव्हाची कापणी जून-जुलैमध्ये होते. म्हणजे मार्च, एप्रिल आणि मे हे तिथल्या शेतकऱ्याचे सर्वांत ओढगस्तीचे महिने होते. कणगी रिकामी होत आलेली, गहू शेतात अजून हिरवा, आणि शेतीची कामे मात्र अंगावर आलेली. कवींना वसंत कितीही प्रिय असला तरी गरीब कुटुंबाला तो अर्धपोटी काढावा लागे. या दिवसांत शेताच्या बांधावरून, माळावरून खुडून आणलेल्या रानभाज्या आणि शेतात सर्वांत आधी तयार होणारे एक पीक यांच्यावर खेड्यांचा गुजारा होई. ते पीक म्हणजे फावा.

या लेखात आपण या फाव्याचीच गोष्ट पाहणार आहोत. ती स्वयंपाकघरात सुरू होते, प्राचीन रोमच्या देवळांतून आणि एका गणितज्ञाच्या आश्रमातून जाते आणि विसाव्या शतकातल्या जीवरसायनशास्त्रात येऊन पोचते. वाटेत आपल्याला हिवतापही भेटणार आहे.

शेतातून ताटात

फाव्याचे शास्त्रीय नाव व्हिसिया फाबा. उत्तर भारतात त्याला बाकला म्हणतात. महाराष्ट्रात तो फारसा पिकत नाही. शेंग जाड, हिरवी, आतून पांढऱ्या मखमलीसारखी. दाणा आपल्या वालाच्या दाण्यापेक्षा बराच मोठा आणि चपटा. पश्चिम आशियात शेतीच्या अगदी आरंभीच्या काळात माणसाने जी कडधान्ये लावली त्यांपैकी हे एक. इटलीत त्याची पेरणी शरदाच्या अखेरीस होते. रोप थंडी सहन करते आणि एप्रिलपासून कोवळ्या शेंगा मिळू लागतात.

आज आपण इटलीचे जेवण म्हटले की टोमॅटो आठवतो. पण टोमॅटो, मका, बटाटा, मिरची आणि राजमा ही सगळी अमेरिका खंडातली पिके आहेत. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी इटलीत ती नव्हती. त्याआधीचे इटलीचे ताट कसे होते याची कल्पना करायची असेल तर वसंतातले पदार्थ पाहावेत. रोमच्या परिसरात 'विन्यारोला' नावाची एक रसभाजी होते. फावा, मटार, कांद्याची पात, सॅलडची पाने आणि आर्टिचोक हे तिचे घटक. आर्टिचोक ही करडईच्याच कुळातल्या एका काटेरी झाडाची न उमललेली कळी. सिसिलीत जवळपास याच भाज्यांची 'फ्रित्तेद्दा' करतात. लिगुरियात कोवळे फावे लसूण, पुदिना आणि चीज यांच्याबरोबर खलबत्त्यात वाटून चटणी करतात. रोमची माणसे १ मे रोजी शहराबाहेर सहलीला जातात आणि गवतावर बसून फाव्याच्या शेंगा सोलून कच्चे दाणे मेंढीच्या दुधाच्या खारट चीजबरोबर खातात. तस्कनीतही अशीच पद्धत आहे.

सुकवलेला फावा वर्षभर चाले. पुल्या प्रांतात सोललेले सुके दाणे मऊ शिजवून घोटतात आणि त्यावर शिजवलेली रानटी चिकोरी घालतात. ही तीच वनस्पती, जिच्या एका वाणाचे मूळ भाजून कॉफीत मिसळतात. सिसिलीत सुक्या फाव्याचे घोटलेले पिठले रानबडीशेप घालून करतात; त्याला 'माक्कू' म्हणतात. १९ मार्चला संत जोसेफच्या सणाला ते हमखास होते. दुष्काळात फाव्याने गावे वाचवली, अशी आख्यायिका या सणाशी जोडलेली आहे. आख्यायिकेचा तपशील काहीही असो, तिच्यामागचे आहारशास्त्र पक्के आहे. सुक्या फाव्यात वजनाच्या सुमारे पाव भाग प्रथिने असतात. मांस न परवडणाऱ्या कुटुंबाला गव्हाची भाकरी आणि फावा ही जोडी, आपल्या भात-वरणासारखी, एकमेकांची उणीव भरून काढणारी होती.

इटलीतल्या वसंताच्या या ताटाचे एक जुने आणि विस्तृत वर्णन आपल्याला मिळते ते इंग्लंडमध्ये लिहिलेल्या पुस्तकात. मोदेना गावचा जाकोमो कास्तेलवेत्रो हा धर्मन्यायालयाच्या तावडीतून सुटून इंग्लंडला गेला. तिथले लोक मांस फार आणि भाज्या फार थोड्या खातात हे पाहून त्याने १६१४ मध्ये इटलीत खाल्ल्या जाणाऱ्या मुळ्या, पाने आणि फळे यांच्यावर एक पुस्तिका लिहिली. तिची मांडणी ऋतूंप्रमाणे आहे आणि सुरुवात वसंताने होते. घरापासून दूर गेलेल्या माणसाला पहिल्यांदा आठवला तो वसंतातला भाजीपाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रोमन लोकांचा आदर आणि भीती

प्राचीन रोममध्ये फाव्याला मोठा मान होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या 'निसर्गेतिहास' या ग्रंथात कडधान्यांमध्ये त्याला पहिले स्थान दिले. फाबियस हे नामवंत रोमन घराणे 'फाबा' वरून आणि सिसेरो हे नाव हरभऱ्याच्या लॅटिन नावावरून आले, असेही तो सांगतो. त्याने आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे, ते शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. फावा ज्या जमिनीत पेरतात ती जमीन खत घातल्यासारखी सुपीक होते, असे त्याने लिहिले. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवले. म्हणजे शेतकऱ्याचे निरीक्षण आणि त्याचे स्पष्टीकरण यांच्यात किमान अठराशे वर्षांचे अंतर पडले. निरीक्षण मात्र पहिल्यापासून बरोबर होते.

पण याच फाव्याबद्दल रोमन लोकांच्या मनात धाकही होता. ९, ११ आणि १३ मे या दिवशी 'लेमुरिया' हा विधी असे. मध्यरात्री घरचा कर्ता पुरुष अनवाणी चालत, मागे वळून न पाहता, काळे फावे पाठीमागे टाकत जाई. घरात फिरणाऱ्या मृतात्म्यांनी ते घेऊन निघून जावे, ही कल्पना. १ जूनला कार्ना देवीला फाव्याचा नैवेद्य असे. ज्युपिटरच्या मुख्य पुजाऱ्याला तर फाव्याला हात लावायची आणि त्याचे नाव उच्चारायचीही बंदी होती. एकच दाणा पोट भरणारा आणि मृतांच्या जगाशी नाते सांगणारा असे का मानला गेला असावा? हा प्रश्न आपण मनात ठेवू आणि त्याहूनही जुन्या एका बंदीकडे वळू.

पायथागोरस फावा का टाळत असे?

काटकोन त्रिकोणाच्या सिद्धांतामुळे पायथागोरस आपल्या आठवीनववीच्या मुलांच्या ओळखीचा आहे. तो मूळचा सामोस बेटावरचा. इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास तो दक्षिण इटलीतल्या क्रोतोन या ग्रीक वसाहतीत येऊन राहिला. हे गाव आज कालाब्रिया प्रांतात आहे. तिथे त्याने शिष्यांचा एक संघ उभा केला. या संघाच्या नियमांत फावा न खाण्याचा नियम होता, असे प्राचीन लेखक सांगतात. शत्रू पाठीमागे लागले असता फाव्याच्या शेतात पाऊल टाकण्यापेक्षा त्याने मरण पत्करले, अशीही एक कथा आहे.

या बंदीची प्राचीनांनी दिलेली कारणे एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. दाण्याचा आकार अशुभ, त्याचे रोप पाताळाच्या दाराशी संबंधित, मतदानात चिठ्ठ्यांऐवजी फावे वापरत म्हणून त्याचा राजकारणाशी संबंध, अशी कारणे अॅरिस्टॉटलच्या नावावर सांगितली जातात. फाव्याने पोटात वायू धरतो आणि झोपेत मन अशांत होते, असे कारण सिसेरो देतो. आणि तारेन्तम गावचा अॅरिस्टॉक्सेनस तर म्हणतो की पायथागोरसला फावा आवडत असे!

विसाव्या शतकात या यादीत आणखी एका कारणाची भर पडली. दक्षिण इटलीत काही माणसांना फावा खाल्ल्यावर जीवघेणा आजार होतो. पायथागोरसने तो पाहिला असेल काय? ही कल्पना आकर्षक आहे आणि अनेक पुस्तकांत ती जवळजवळ सत्य म्हणून छापलेली आढळते. परंतु आपल्याला माहीत असलेल्या एकाही प्राचीन लेखकाने फावा खाऊन आलेल्या कावीळीचे किंवा काळसर लघवीचे कारण या बंदीसाठी दिलेले नाही. एखादे स्पष्टीकरण चपखल बसते, एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. त्यासाठी पुरावा लागतो. या आजाराचा पुरावा कसा मिळत गेला, ती गोष्ट त्या कथेपेक्षा जास्त मोलाची आहे.

सार्डिनियातला एप्रिल

सार्डिनिया हे इटलीच्या पश्चिमेचे मोठे बेट. तिथे वसंतात दरवर्षी तेच चित्र दिसे. तीनचार वर्षांचा एखादा मुलगा शेतात किंवा अंगणात बसून ओले फावे खाई. एकदोन दिवसांत तो एकाएकी निस्तेज होई, अंगात ताप येई, डोळे पिवळे होत आणि लघवी गडद तपकिरी, कधी जवळजवळ काळी होई. रक्त भरण्याची सोय नव्हती त्या काळात यातली काही मुले दगावत. शेंगांचा हंगाम संपला की हा आजारही दिसेनासा होई.

या आजाराला 'फाविस्मो' हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. १९०५ मध्ये सार्डिनियात क्लाउदिओ फेर्मी आणि मार्तिनेत्ती यांनी त्याचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. (हे फेर्मी म्हणजे अणुभट्टीचे एन्रिको फेर्मी नव्हेत.) पण रोगाचे वर्णन झाले तरी कोडे सुटेना. एकाच ताटातून चार भावंडे फावे खातात आणि आजारी पडतो तो एकच. तोही बहुधा मुलगा. काही घराण्यांत हा आजार पुन्हा पुन्हा येतो, काहींत कधीच नाही. गेल्या वर्षी फावे पचवलेले मूल या वर्षी आजारी पडते. फुलांवर आलेल्या शेताजवळून गेले तरी त्रास होतो, असेही लोक सांगत. हे विष म्हणावे तर ते सगळ्यांना का बाधत नाही? वावडे म्हणावे तर त्यात रक्त का फुटते? १९५० पर्यंत या प्रश्नांना समाधानकारक उत्तर नव्हते.

आणखी एक प्रश्न आपल्याला पडतो. मुले दगावतात हे दिसत असताना लोकांनी फावा लावणे सोडून का दिले नाही? याचे उत्तर लेखाच्या सुरुवातीलाच आले आहे. रिकाम्या कणगीच्या दिवसांत दुसरे काय खायचे? शंभरात एखाद्या मुलाला धोका आणि सगळ्यांना उपासमार यांतून निवड करायची होती. धोका नेमका कोणाला आहे हे ओळखण्याचे साधन नव्हते, तोवर गरीब माणसाच्या हातात दुसरा मार्ग नव्हता.

उत्तर दुसऱ्याच दिशेने आले

हिवतापाचे जंतू यकृतात लपून राहतात आणि ताप उलटतो. तो थांबवण्यासाठी अमेरिकेत प्रायमाक्वीन हे औषध तयार झाले आणि १९५० नंतर कोरियाच्या युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना ते मोठ्या प्रमाणावर देण्यात आले. त्यावेळी एक गोष्ट स्पष्ट झाली. आफ्रिकी वंशाच्या सुमारे दहा टक्के अमेरिकनांमध्ये या औषधाने तांबड्या रक्तपेशी फुटत होत्या. याचा शोध आल्फ आल्व्हिंग यांच्या गटाने इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर घेतला. कैद्याची संमती कितपत मोकळी असते हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. आज असे प्रयोग मान्य होणार नाहीत. निष्कर्षांचा उपयोग करताना हेही मुलांना सांगायला हवे.

प्रयोगाची रचना मात्र अगदी सुबोध होती. दोष औषध घेणाऱ्याच्या शरीरात आहे की त्याच्या रक्तपेशीत? हे ठरवण्यासाठी १९५४ मध्ये त्यांनी त्रास होणाऱ्या माणसाच्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली, त्या निरोगी माणसाच्या शरीरात घातल्या आणि त्याला प्रायमाक्वीन दिले. खुणेच्या पेशी फुटल्या. मग उलट केले. निरोगी माणसाच्या पेशी त्रास होणाऱ्याच्या शरीरात घातल्या, तेव्हा त्या टिकल्या. म्हणजे दोष पेशीतच होता. फुटत होत्या त्या म्हाताऱ्या पेशी, तरुण पेशी तग धरत होत्या, हेही दिसले. अर्नेस्ट ब्यूटलर यांनी या पेशींत ग्लुटाथायोन हा पदार्थ टिकत नाही असे दाखवले. १९५६ मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी मूळ कारण शोधले. या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे विकर फार कमी होते. आपण त्याला थोडक्यात जी-६-पीडी म्हणू.

त्याच वर्षी विल्यम क्रॉस्बी या रक्तशास्त्रज्ञाने सार्डिनियाहून पाठवलेल्या टिपणात फाव्याचा आजार आणि प्रायमाक्वीनचा त्रास यांतल्या साम्याकडे लक्ष वेधले. १९५७-५८ मध्ये जेनोवाच्या सान्सोने आणि सेन्यी यांनी फाव्याने आजारी पडलेल्यांच्या रक्तपेशींत हेच विकर जवळजवळ नसल्याचे दाखवून दिले. शिकागोतले औषध आणि सार्डिनियातली शेंग एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या निघाल्या.

पेशीच्या आत काय घडते?

तांबडी रक्तपेशी प्राणवायू वाहून नेते. लोखंडाला हवेत गंज चढतो, तसा या पेशीतल्या हिमोग्लोबिनला आणि पेशीच्या आवरणाला सतत ऑक्सिडीकरणाचा धोका असतो. त्यापासून ग्लुटाथायोन तिचे रक्षण करते. हे काम करताना ते स्वतः खर्ची पडते. ते पुन्हा वापरण्याजोगे करायला एनएडीपीएच हा पदार्थ लागतो आणि तांबड्या पेशीत तो मिळतो मुख्यतः जी-६-पीडी या विकराच्या कामातून. इतर पेशींत त्याचे दुसरे मार्ग असतात. तांबड्या पेशीने मात्र केंद्रक आणि तंतुकणिका टाकून दिलेल्या असतात. ती नवे विकर बनवू शकत नाही. जन्माबरोबर मिळालेली शिदोरी तिला सुमारे १२० दिवस पुरवायची असते. सदोष विकर लवकर नष्ट होते, त्यामुळे वय झालेल्या पेशीजवळ ते जवळपास उरतच नाही. एरवी तिचे भागते, कारण नेहमीचा ताण थोडा असतो.

फाव्यात व्हिसिन आणि कॉनव्हिसिन अशी दोन द्रव्ये असतात. पोटात त्यांच्यापासून डिव्हिसिन आणि आयसोयुरामिल तयार होतात. ही दोन्ही जोरदार ऑक्सिडीकरण घडवून आणतात. निरोगी पेशी हा मारा सहन करते. विकर कमी असलेली पेशी मात्र ग्लुटाथायोन संपताच फुटते आणि हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून लघवी काळसर होते. व्हिसिनचे प्रमाण कोवळ्या हिरव्या दाण्यात सर्वांत जास्त असते, वाळलेल्यात कमी. वसंतात कच्चे दाणे खाल्ल्याने आजार होई आणि हिवाळ्यातल्या घोटलेल्या पिठल्याने तो क्वचित होई, याचे हे एक कारण. मात्र सुका फावाही अशा माणसाला निर्धोक नाही, हे ध्यानात ठेवावे.

मुलगेच का? या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाला एकच एक्स मिळतो. त्यावरचे जनुक सदोष असेल तर भरपाई करायला दुसरे नसते. मुलीला दोन असतात, त्यामुळे तिच्या रक्तात बहुधा दोन्ही तऱ्हेच्या पेशी मिसळलेल्या असतात.

असे जनुक टिकले कसे?

मुलांचा जीव घेणारे जनुक पिढ्यान्‌पिढ्या कमी होत जायला हवे. सार्डिनियाच्या काही गावांत तर सुमारे एक-तृतीयांश पुरुषांत ते आढळले. असे का? अशा प्रश्नाचे उत्तर जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये दुसऱ्या एका रक्तविकाराच्या, थॅलॅसीमियाच्या, संदर्भात सुचवले होते. रक्ताचा हा दोष हिवतापापासून संरक्षण देत असेल, तर हिवतापाच्या प्रदेशात तो टिकून राहील. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

इटली हा हिवतापाचा जुना प्रदेश. डास हिवताप पसरवतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७-९८ मध्ये सिकंदराबाद आणि कलकत्ता येथे दाखवले. माणसाचा हिवताप अॅनोफेलिस डासामुळे पसरतो हे १८९८ मध्ये रोममध्ये ग्रासी, बिन्यामी आणि बास्तियानेल्ली यांनी सिद्ध केले. सार्डिनियाचा किनारा आणि सपाट प्रदेश हिवतापाने पोखरलेला होता. उंच डोंगरातली गावे त्यामानाने सुरक्षित होती. मार्चेल्लो सिनिस्काल्को आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये या गावांची तुलना प्रसिद्ध केली. सखल गावांत जी-६-पीडीची कमतरता खूप, गेन्नार्जेन्तू पर्वतातल्या गावांत थोडी. हॉल्डेन यांची कल्पना इथे जणू नकाशावर उमटली होती.

तरी एवढ्याने सिद्धता झाली असे मानून चालत नाही. सखल भागात बाहेरून येऊन वसलेले लोक जास्त होते. फरक त्यांच्या वंशाचाही असू शकेल. म्हणून इतर देशांतही पाहावे लागले. आफ्रिका, ग्रीस आणि आशियातही हिवताप आणि ही कमतरता यांचे नकाशे बरेचसे एकमेकांवर बसले. १९६९ मध्ये मूळचे जेनोवाचे लुत्सात्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायजेरियात दोन्ही तऱ्हेच्या पेशी असलेल्या मुलींचे रक्त तपासले. हिवतापाचे जंतू चांगल्या विकराच्या पेशींत जास्त आणि कमतरतेच्या पेशींत कमी आढळले. संरक्षण नेमके कोणाला आणि किती मिळते, याबद्दल संशोधकांत अजूनही मतभेद आहेत. पण दोन्हींचा संबंध आहे, हे आता सर्वमान्य आहे.

म्हणजे सार्डिनियातल्या त्या मुलाला फावा बाधत होता, कारण त्याच्या पूर्वजांना दलदलीतल्या डासांशी झगडावे लागले होते. १९४६ ते १९५० या काळात सार्डिनियात डीडीटी फवारून डासांविरुद्ध मोहीम झाली आणि बेटावरचा हिवताप गेला. १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इटली हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले. जनुक मात्र तिथेच आहे. परिस्थिती काही वर्षांत बदलते. जनुकांचे प्रमाण बदलायला शेकडो पिढ्या लागतात.

शेंग न टाकता

मग सार्डिनियाने काय केले? फाव्यावर बंदी घातली नाही. उत्तर सार्डिनियात १९७० च्या दशकापासून नवजात मुलांचे रक्त तपासून कमतरता शोधण्याचा आणि आईवडिलांना समजावून सांगण्याचा कार्यक्रम चालवला गेला. या आजाराचे रुग्ण झपाट्याने कमी झाले, असा अहवाल तिथल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. ज्याला बाधतो त्याने टाळावा, बाकीच्यांनी सुखाने खावा, इतका साधा हा उपाय. तो शक्य झाला कारण धोका कोणाला, हे आता ओळखता येत होते.

शेतीनेही दुसऱ्या बाजूने हातभार लावला. फ्रान्समध्ये १९८९ मध्ये व्हिसिनचे प्रमाण दहा ते वीस पट कमी करणारे एक जनुक फाव्यात सापडले. त्याचा उपयोग करून नवे वाण तयार झाले आहेत आणि २०२१ मध्ये व्हिसिनच्या निर्मितीला कारण होणारे जनुकही ओळखले गेले.

जी-६-पीडीची कमतरता जगात चाळीस कोटींहून अधिक लोकांत आहे, असा अंदाज आहे. आपल्याकडेही ती आहे. मुंबईत १९६० च्या दशकापासून तिचा अभ्यास होत आला आहे. पारशी समाजात आणि देशातल्या काही आदिवासी समाजांत तिचे प्रमाण जास्त आढळते. आपण फावा फारसा खात नाही, म्हणून ती वसंतात उघडी पडत नाही. ती उघडी पडते ती नवजात बाळाच्या तीव्र कावीळीतून, किंवा हिवतापासाठी चौदा दिवस प्रायमाक्वीन घेतल्यावर, किंवा कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनमुळे. ट्रंकेत कपड्यांबरोबर ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांतले नॅप्थॅलीन अशा बाळाच्या रक्तपेशी फोडू शकते. जुनी दुपटी बाळाला गुंडाळण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवावीत, या साध्या सूचनेमागे हेच रसायनशास्त्र आहे. औषध देण्यापूर्वी ही तपासणी करता येते, आणि ती फारशी अवघड नाही.

वर्गात हा विषय अनेक ठिकाणी जोडता येईल. लिंगसंलग्न अनुवंशिकता शिकवताना रंगांधळेपणाच्या जोडीला हे उदाहरण घ्यावे. ऑक्सिडीकरण शिकवताना गंजलेल्या खिळ्याशेजारी रक्तपेशी मांडावी. इतिहासाच्या तासाला, कोलंबसापूर्वी आपल्या आणि इटलीच्या ताटात काय नव्हते, याची यादी मुलांकडून करून घ्यावी. आणि पायथागोरसाची कथा सांगितल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा: त्याने फावा आजारामुळेच टाळला, हे पटायला आपल्याला कोणता पुरावा मिळायला हवा? उत्तरे निरनिराळी येतील. कोणी म्हणेल, त्या काळच्या वैद्याची नोंद हवी. कोणी म्हणेल, क्रोतोनच्या जुन्या थडग्यांतल्या हाडांत ते जनुक शोधावे. दुसऱ्या उत्तरावर थोडा वेळ थांबावे. जुन्या हाडांतून जनुके वाचण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे. पण जनुक सापडले तरी बंदीचे कारण तेच होते असे ठरेल काय, यावर मुलांना वाद घालू द्यावा.